पेटीतली अर्धी गोधडी

ऑक्टोबरचा उकाडा ओसरतो, पहाटे अंगावर काहीतरी ओढावेसे वाटू लागते आणि नागपुरातल्या घराघरांत दिवाणाचे खण व माळ्यावरच्या लोखंडी पेट्या उघडतात. स्वेटर निघतात, ब्लँकेटे निघतात आणि तळाशी दरवर्षीचे तेच गाठोडे हाती लागते. चारही बाजू टाचून झालेली, मधे दोन हात धावदोरा घातलेली आणि एका कोपऱ्यात सुई तशीच टोचून ठेवलेली अर्धी गोधडी. ‘यंदा पूर्ण करूच’ म्हणून ती बाहेर येते, चार दिवस खुर्चीच्या पाठीवर पडून राहते आणि पाहुणे यायचे म्हणून पुन्हा पेटीत जाते.

या गाठोड्याकडे घरात आळसाचा पुरावा म्हणून पाहिले जाते, ते अन्यायाचे आहे. अर्ध्या राहिलेल्या गोधडीला बहुधा कारण असते. कोणाला मोतीबिंदू झाला, कोणाच्या अंगठ्याचा सांधा दुखू लागला, कोणाच्या घरी दुपटे पुरे होण्याआधीच बाळ आले. काही गोधड्या तर सुरू करणारी आई किंवा आजी गेली म्हणून थांबलेल्या असतात, आणि त्यांना हात लावायचे धाडस पुढच्या पिढीला होत नाही. गोधडी हे मुळात रब्बी निघाल्यानंतरच्या रिकाम्या दिवसांतले, ओसरीवर चार जणींनी मिळून करायचे काम. फ्लॅटमधल्या एकट्या बाईने ते दिवाळीनंतर संध्याकाळच्या मालिकेसमोर बसून पुरे करावे, ही अपेक्षाच जरा जास्त आहे.

नागपूरला तरी जुन्या सुती कापडाची वाण कधी नव्हती. १८७७ मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल इथे सुरू झाली. कोष्टी आणि हलबा विणकरांचे हातमाग त्याच्याही आधीपासूनचे. गिरणीचे आणि मागावरचे ते सूत धुऊन धुऊन मऊ झाले, की थरावर थर ठेवून शिवले जाई. त्या थरांचे विज्ञान साधे आहे. ऊब कापड देत नाही, थरांमध्ये अडकलेली स्थिर हवा देते. शरीराची उष्णता ती सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही. जवळजवळ घातलेला धावदोरा थर सरकू देत नाही, म्हणून हवेचे हे कप्पे जागच्या जागी राहतात. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता, तेव्हा ज्यांच्या घरी जाडजूड गोधडी होती त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागले नसेल. मधेच कुठेतरी सिंथेटिक साडीचा थर घातला असेल, तर मात्र घाम शोषला जात नाही आणि झोपमोड होते. जुने काम हाती घेताना असा थर उसवून काढलेला बरा.

अपुरे काम मनाला टोचत राहते, हा सर्वांचा अनुभव. मानसशास्त्रात त्याला एक जुना आणि प्रसिद्ध आधार आहे. ब्लूमा झायगार्निक या तरुण संशोधिकेने बर्लिनमध्ये कुर्ट लेविन यांच्या हाताखाली केलेले प्रयोग १९२७ मध्ये प्रसिद्ध केले. लोकांना छोटी छोटी कामे दिली, त्यातली निम्मी मधेच थांबवली आणि नंतर कोणती कामे आठवतात ते विचारले. थांबवलेली कामे पूर्ण झालेल्यांच्या जवळपास दुप्पट आठवली. तेव्हापासून शंभर वर्षे ही गोष्ट पाठ्यपुस्तकांतून फिरते आहे. मात्र या विषयावरच्या प्रयोगांचा एकत्रित आढावा २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात स्मरणशक्तीचा हा परिणाम टिकला नाही. लेविन यांच्याच गटातल्या मारिया ओव्सियांकिना यांचे १९२८ मधले निरीक्षण मात्र टिकले: अर्धवट राहिलेले काम समोर आले आणि मोकळीक असली, तर माणूस ते पुन्हा हाती घेतो. पेटीच्या तळाशी असलेली गोधडी रोज आठवेलच असे नाही. ती नजरेसमोर, हाताशी आली, तर पुढे सरकण्याची शक्यता मोठी. खुर्चीच्या पाठीवर चार दिवस ती पडून राहणे अगदीच वाया जात नाही म्हणायचे.

त्याहून उपयोगाचा निष्कर्ष २०११ मधला आहे. मॅसिकॅम्पो आणि बॉमायस्टर या अमेरिकी संशोधकांना असे दिसले, की अपुऱ्या कामाचे विचार दुसऱ्या कामात अडथळा आणतात. पण ते काम कधी आणि कसे करायचे याचा नेमका बेत ठरला, की काम झालेले नसतानाही तो अडथळा ओसरतो. गोधडीच्या बाबतीत याचा अर्थ फार सोपा आहे. ‘कधीतरी करू’ हे मनाला पुरत नाही. ‘रविवारी दुपारी जेवणानंतर, खिडकीशी बसून, फक्त एक पट्टी’ हे पुरते. आणि ‘ही माझ्याच्याने होणार नाही, शिवून देणाऱ्या बाईंकडे द्यायची’ हाही एक बेतच आहे. मजुरी देऊन पूर्ण करून घेतलेल्या गोधडीत आईची माया कमी होते असे मानण्याचे काही कारण नाही. घरात मात्र या एका मुद्द्यावरून वर्षानुवर्षे निर्णय अडलेला असतो.

गोधडी शिवल्याने मेंदू तल्लख राहतो का? या प्रश्नावर थेट प्रयोग झालेला आहे, हे अनेकांना माहीत नसते. टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस येथील केंद्रात डेनिस पार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६० ते ९० वयाच्या २२१ जणांवर केलेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना गोधडीकाम शिकवले, काहींना डिजिटल छायाचित्रण, काहींना दोन्ही. आठवड्याला सुमारे १५ तास, तीन महिने. तुलनेसाठी एक गट नुसता एकत्र जमून गप्पा, सहली करत होता, तर एक घरी बसून शब्दकोडी आणि माहितीपट यांत वेळ घालवत होता. नवे कौशल्य शिकणाऱ्यांची प्रसंग लक्षात ठेवण्याची क्षमता सुधारली. पण सर्वांत स्पष्ट फायदा छायाचित्रण शिकणाऱ्यांना झाला. नुसते गोधडीकाम करणाऱ्यांना त्या मानाने कमी.

हा निकाल गोधडीप्रेमींना थोडा खट्टू करणारा आहे, पण त्यातून शिकण्यासारखे आहे. मेंदूला व्यायाम होतो तो न येणारे शिकताना. चाळीस वर्षे धावदोरा घालणाऱ्या आजींच्या हाताला तो टाका पाठ असतो; त्यांना त्यातून स्वस्थता मिळेल, नवी धार कदाचित मिळणार नाही. मांडणी बदलणे, कोपऱ्यातून आत वळत जाणारी शिवण पहिल्यांदा करून पाहणे, ठिगळांचा हिशेब नव्याने जुळवणे, हे केले तर गोष्ट वेगळी. आणि आजींची अर्धी गोधडी पुरी करायला बसलेल्या, सुई कधी न धरलेल्या निवृत्त जावयाला किंवा मुलाला या कामाचा फायदा आजींपेक्षा जास्त होण्याचा संभव आहे! मेयो क्लिनिकने २०११ मध्ये ७० ते ८९ वयोगटाच्या अभ्यासातून विणकाम, गोधडीकाम, वाचन करणाऱ्यांत विस्मरणाच्या सौम्य विकाराचे प्रमाण कमी असल्याचे दाखवले होते. तिथे प्रश्न उरतोच: शिवल्यामुळे स्मृती टिकली, की स्मृती शाबूत होती म्हणून शिवणे सुरू राहिले? अशा पाहणीतून याचे उत्तर मिळत नाही.

हातांचे आणि डोळ्यांचे गणित अधिक रोखठोक आहे. चाळिशीनंतर जवळचे दिसणे कमी होते. सुई ओवता येत नाही म्हणून थांबलेल्या गोधडीवर चष्म्याचा नंबर तपासणे हाच पहिला उपाय. दिवसाउजेडी शिवावे. जमिनीवर पसरून, त्यावरच मांडी घालून वाकून शिवण्याची रीत गुडघ्यांना आणि कमरेला महाग पडते. शिवून झालेला भाग गुंडाळून टेबलावर घेतला तर खुर्चीत बसूनही काम होते. अर्ध्या तासाने उठावे, बोटे मोकळी करावीत. अंगुस्तान वापरण्यात कमीपणा नाही. मधुमेहामुळे ज्यांच्या बोटांची संवेदना कमी झाली आहे, त्यांना टोचलेले कळतही नाही आणि जखम चिघळते. त्यांनी तर ते वापरायलाच हवे. पेटीत वर्षानुवर्षे राहिलेली गंजकी सुई टोचली, तर धनुर्वाताची भीती गंजामुळे नसते. ती माती-धुळीतल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे असते. दहा वर्षांत लस घेतलेली नसेल तर डॉक्टरांना विचारावे.

हे सगळे सांभाळून घेता येण्यासारखे आहे. खरा धोका पेटीत आहे, आणि तो घरातल्या सर्वांत लहान जीवाला आहे. अर्धी गोधडी एकदम पूर्ण होण्याचा हमखास मुहूर्त म्हणजे घरात नातवंड येणार असल्याची बातमी. मग बारशाच्या आत दुपटे, झबली, छोटी गोधडी असे सगळे पेटीतून निघते. त्या पेटीत डांबरगोळ्या टाकलेल्या असतात.

डांबरगोळी म्हणजे बहुतेक वेळा नॅफ्थलीन. हा पदार्थ घन अवस्थेतून थेट वाफ होतो आणि ती वाफ कापडाच्या धाग्यांत मुरते. बाळ ती श्वासातून घेते, पातळ त्वचेतूनही शोषते. काही बाळांच्या तांबड्या रक्तपेशींत जी-सिक्स-पीडी नावाच्या एंझाइमची जन्मजात कमतरता असते. हा दोष एक्स गुणसूत्रावरून येत असल्यामुळे मुलग्यांत जास्त दिसतो. मध्य भारतातल्या काही आदिवासी समाजांत त्याचे प्रमाण अधिक आहे, पण तो कोणत्याही घरात असू शकतो. एरवी अशा बाळाला काही त्रास नसतो. नॅफ्थलीनच्या संपर्काने मात्र त्याच्या तांबड्या पेशी भराभर फुटतात, कावीळ झपाट्याने वाढते आणि वेळीच उपचार झाले नाहीत तर तिचा परिणाम थेट मेंदूवर होतो. डांबरगोळ्यांत ठेवलेल्या कपड्यांमुळे, दुपट्यांमुळे नवजात बाळांना असे झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. ही चाचणी सगळ्याच प्रसूतिगृहांत होत नसल्याने आपले बाळ त्यातले आहे की नाही हे आईवडिलांना ठाऊक नसते. युरोपीय संघाने २००८ पासून नॅफ्थलीनच्या गोळ्या बाजारातून काढल्या. इतवारीत त्या आजही किराण्याबरोबर मिळतात.

यातला विनोद असा, की सुती गोधडीला त्या गोळ्यांची गरजच नसते. कपडे खाणाऱ्या पतंगाच्या अळ्या लोकर आणि रेशीम खातात. स्वच्छ सुती कापडात त्यांना रस नाही. सुताला धोका असतो तो खळीवर जगणाऱ्या कसरीचा आणि दमटपणाचा. खळ धुऊन काढली, कापड कडकडीत वाळवले आणि कोरड्या जागी ठेवले, की काम भागते. गोळ्यांऐवजी कापूर ठेवणे हा उपाय नव्हे. तोही लहान मुलांना विषारी आहे.

नवजात बाळासाठी म्हणून जे काही शिवायचे, ते डांबरगोळ्यांत कधीही न राहिलेल्या, धुतलेल्या जुन्या साडीचे किंवा धोतराचे असावे. पेटीतली गोधडी मोठ्यांनी घ्यावी. नॅफ्थलीन पाण्यात जवळपास विरघळत नाही, म्हणून नुसत्या धुण्याने ते जात नाही. आधी बरेच दिवस उन्हात आणि वाऱ्यावर टाकावी, मग धुवावी, आणि वास आला तर पुन्हा उन्हात. बाळाच्या अंगावर जड गोधडी घालू नये, तोंडावर तर कधीच नाही. दुपट्यात गुंडाळलेल्या बाळाचे डोळे किंवा पाय पिवळे दिसू लागले, लघवी गडद झाली, ते मलूल पडले, दूध ओढेनासे झाले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे, आणि कपडे गोळ्यांत ठेवलेले होते हे डॉक्टरांना आपण होऊन सांगावे. ते विचारतीलच असे नाही.

दम्याच्या आणि सर्दीच्या रुग्णांसाठीही पेटीचा हा प्रश्न आहेच. अंथरुणातल्या धुळीत राहणारे सूक्ष्म किडे हवेतल्या ओलाव्यावर जगतात. पावसाळाभर बंद राहिलेली गोधडी त्यांना मानवते, नागपूरचा एप्रिल-मे मानवत नाही. दुपारच्या त्या कोरड्या, भाजून काढणाऱ्या उन्हात गच्चीवर दोन-तीन दिवस उलटसुलट वाळवलेली गोधडी झटकून घेतली, की बराचसा उपद्रव जातो. झटकणाऱ्याने नाकाला रुमाल बांधावा, आणि ते काम दम्याच्या रुग्णाला सांगू नये.

राहिली ती कोपऱ्यातली सुई. गोधडी उन्हात टाकण्याआधी पूर्ण पसरून, उजेडाकडे धरून, टाका न् टाका चाचपून ती काढावी. एक सापडली म्हणून थांबू नये. दोन जणींनी सुरू केलेल्या गोधडीत सुया दोन असतात.