यंत्रासाठी लिहिलेली पुस्तिका

कोणतेही यंत्र विकत घेतले की त्यासोबत एक माहितीपुस्तिका येते आणि बहुतेक घरांत ती खोक्यातच राहते. जाणकाराला विचारावे, चुकतमाकत हात बसवावा, ही आपली रीत. संगणकावर आरेखन करणाऱ्यांचीही रीत याहून फारशी वेगळी नव्हती. आता मात्र या उपेक्षित पुस्तिकेला अथपासून इतिपर्यंत वाचणारा एक वाचक लाभला आहे आणि तो माणूस नाही. ही घटना केवळ तंत्रज्ञांच्या कुतूहलाची नसून तिच्यात एक जुना आर्थिक प्रश्न दडलेला आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेचे ‘एजंट’ म्हणजे नुसती प्रश्नांची उत्तरे देणारी यंत्रणा नव्हे. सांगितलेल्या कामाच्या पायऱ्या स्वतः ठरवून, इतर सॉफ्टवेअरमधील साधने हाताळून ते काम तडीस नेणारी ही प्रणाली आहे. अशा प्रणालींना साधनांशी जोडण्यासाठी ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ नावाचा सामाईक संकेत अँथ्रॉपिक या कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुला केला. त्यानुसार प्रत्येक साधनाचे नाव, त्याचे शब्दांतील वर्णन आणि त्याला कोणती माहिती पुरवावयाची, हे लिहून द्यावे लागते. कोणते साधन केव्हा उचलावयाचे, हे यंत्र मुख्यतः या वर्णनावरूनच ठरविते. संकेतस्थळे व अ‍ॅप यांच्या आरेखनासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘फिग्मा’ने २०२५ मध्ये या संकेताचा अवलंब केला. त्यासोबत ग्राहकांना दिलेला सल्ला बोलका आहे : आरेखनातील भागांना ‘ग्रुप ५’ यांसारखी निरर्थक नावे न देता त्यांचे कार्य सांगणारी नावे द्या. माणूस पाहून समजतो. यंत्राला सांगावे लागते.

पण सांगावयाचे म्हणजे किती आणि काय? वर्णन त्रोटक असेल तर यंत्र भलतेच साधन उचलते. ते पाल्हाळिक असेल तर खर्च वाढतो, कारण यंत्राने वाचलेल्या मजकुराच्या प्रमाणात सामान्यतः आकारणी होते. याहून अवघड अडचण आहे ती न लिहिलेल्या ज्ञानाची. महाविद्यालयाच्या वार्षिकाच्या निमित्ताने प्रस्तुत लेखकाला अक्षरजुळणी करणाऱ्यांच्या शेजारी अनेक दुपारी बसावे लागले आहे. अक्षरांमधील अंतर वाढविण्याची सोय प्रत्येक आरेखन-सॉफ्टवेअरमध्ये असते आणि रोमन लिपीतील मथळ्याला ते अंतर शोभूनही दिसते. तेच देवनागरीत केले की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. तसेच ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे हिंदी छपाईतील वळणांहून निराळी असून, अनेक फाँटमध्ये मजकुराची भाषा मराठी ठरविली तरच ती उमटतात. पुस्तिकेत लिहिलेले असते ते एवढेच, की हा आकडा वाढविला असता अंतर वाढते. तो केव्हा वाढवू नये, हे जुळाऱ्याच्या डोळ्यांत असते. एजंटाला शहाणे करावयाचे तर हे डोळ्यांतले ज्ञान कागदावर आणावे लागेल.

येथेच अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला फ्रेडरिक टेलरचे स्मरण होते. १९११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शास्त्रीय व्यवस्थापनावरील ग्रंथात त्याने व्यवस्थापकांचे एक कर्तव्य सांगितले. कामगारांजवळ परंपरेने साठलेले ज्ञान गोळा करावे आणि त्याचे नियम बनवावेत, हे ते कर्तव्य. त्यातून उत्पादकता वाढली, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु ज्ञान कागदावर उतरले की त्याची मालकी बदलते आणि सौदा करण्याची कामगाराची शक्ती क्षीण होते, हेही तितकेच खरे. आरेखनकाराने आपल्या हातोटीची टिपणे लिहून दिली, ती एकदा यंत्राच्या पुस्तिकेत गेली आणि पुढे त्याचेच काम स्वस्त झाले, तर त्या लेखनाचे मोल त्याला कोणी द्यावयाचे?

यावर, लिहूच नये, असा मार्ग कोणी सुचवील. तो आत्मघातकी ठरेल. कसब गुप्त ठेवणाऱ्या कारागिरांचे कसब अनेकदा त्यांच्याबरोबरच नष्ट झाले आहे. शिवाय यंत्रासाठी स्पष्ट लिहिलेली पुस्तिका माणसालाही उपयोगी पडते. तालुक्याच्या गावी ज्या विद्यार्थ्याला शिकविणारा कोणी भेटत नाही, त्याच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हे. मात्र सर्वच ज्ञान नियमांत मावत नाही. काळ आणि स्थळ यांनुसार बदलणारे ज्ञान असंख्य माणसांत विखुरलेले असते, असे हायेकने १९४५ मध्ये दाखवून दिले होते. ती मर्यादा आजही पुसली गेलेली नाही.

तेव्हा आग्रह धरावयाचा तो तीन गोष्टींचा. पुस्तिका लिहिण्याचे काम ज्याच्या हाताला ते कसब आहे त्याच्याकडून करून घ्यावे आणि ते नेहमीच्या कामात फुकट न खपविता त्याचा स्वतंत्र मोबदला द्यावा. दुसरे म्हणजे, यंत्राने काय करावे याबरोबरच कोणती गोष्ट माणसाला विचारल्यावाचून करू नये, हेही तीत नमूद असावे. चुकीचा मथळा छापून गेला तर जबाबदारी यंत्राकडे नव्हे, माणसाकडेच येते. तिसरी गोष्ट आपल्या भाषेची. देवनागरी आरेखनाचे नियम सविस्तर लिहून ते सर्वांना खुले करावयास हवेत. परदेशी कंपन्या हे आपणहून करतील, अशी आशा बाळगण्यात अर्थ नाही. मराठी बाजारपेठ त्यांच्या हिशेबात लहान आहे. राज्य मराठी विकास संस्था, विद्यापीठे आणि मुद्रणव्यवसायातील अनुभवी मंडळी यांनी हे काम एकत्र बसून अंगावर घ्यावे.

त्याला मोठा निधी लागणार नाही. लागतील ती जाणती माणसे, आणि ती अजून आपल्यात आहेत. खिळे जुळविण्यापासून संगणकापर्यंतचा प्रवास पाहिलेली त्यांची पिढी आता निवृत्तीच्या उंबरठ्याच्या पुढे गेली आहे. त्यांना विचारून घेण्याची मुदत कोणत्याही यंत्राच्या प्रगतीवर अवलंबून नाही.