उमेदवारीला आलेली भाची

मे महिना सरत आला की एक फोन हमखास येतो. "ताई, चार-पाच महिन्यांचाच प्रश्न आहे गं..." मुंबईच्या उपनगरात संसार मांडलेल्या तुमच्यामाझ्यासारख्या प्रत्येकीला हा फोन ठाऊक आहे. कुणाच्या पुतण्याची परीक्षा असते, कुणाच्या भाच्याला नवी नोकरी लागलेली असते. गेल्या वर्षी मला आला तो धाकट्या बहिणीचा, कराडहून. तिची लेक आर्किटेक्टचं शिकते. तिला अंधेरीच्या एका कचेरीत इंटर्नशिप मिळाली होती. आम्ही बोरिवलीला, दोन खोल्या नि स्वयंपाकघर. आमचा मुलगा परगावी शिकायला, त्याची कॉट रिकामीच होती. नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

आता ही इंटर्नशिप म्हणजे काय, ते मलाही तेव्हा धड माहीत नव्हतं. तर आपल्याकडे जिला उमेदवारी म्हणत, तीच ही. आर्किटेक्टचा अभ्यास पाच वर्षांचा. त्यातलं एक सत्र कॉलेजात बसायचं नाही, कचेरीत जाऊन प्रत्यक्ष काम करायचं. आर्किटेक्चर कौन्सिलने १९८३ साली नियम केले, त्यातच हे सुमारे सोळा आठवड्यांचं काम घातलेलं होतं. ते केल्याशिवाय पदवी नाही. म्हणजे हौस म्हणून मुंबई बघायला आलेली ही पोर नव्हे, हे मी पहिल्या दिवशी समजून घ्यायला हवं होतं. पण मी काय केलं? पाहुणी आली म्हणून शिरा केला!

पहिला आठवडा कौतुकात गेला. डब्याला रोज वेगळी भाजी. कुठला डबा बायकांचा, कुठल्या पुलाने उतरायचं, सगळं मी स्वतः बरोबर जाऊन दाखवलं. एक गोष्ट मात्र सांगायची राहिली, आणि ती तिला दुसऱ्याच दिवशी कळली. अंधेरीहून संध्याकाळी विरारच्या गाडीत चढून बोरिवलीला उतरू बघणारीची काय गत होते, ते तुम्हाला सांगायला नकोच. दारातल्या बायकांनी तिला उतरूच दिलं नाही. पोर थेट भाईंदरला पोचली आणि उलट गाडीने परत आली. रडवेली झाली होती, पण सांगताना हसली. त्या आठवड्यात ती मला सगळं सांगत होती.

मग उशीर सुरू झाला. सात म्हणता आठ, आठ म्हणता साडेनऊ. रोज रात्री कराडहून फोन, "आली का गं?" मी म्हणे, "येतेच आहे." बहिणीचा आवाज चढायचा. तिच्या यजमानांचं म्हणणं, असली कसली उमेदवारी, परत बोलावून घ्या, इथेच कुणा ओळखीच्या कचेरीत सोय करू. मला वाटे, उद्या काही बरंवाईट झालं तर तोंड मला दाखवायचंय.

जुलैतल्या एका रात्री सव्वाअकरा झाले. बाहेर धो धो पाऊस. आमचे हे छत्री घेऊन दोनदा खाली जाऊन आले. दार उघडलं तर ही चिंब भिजलेली, हातात कागदांची नळी, तिला मात्र प्लॅस्टिक गुंडाळलेलं. मी तोंडाला येईल ते बोलले. "हे घर आहे, लॉज नाही," असंही बोलले. ती काही बोलली नाही. पाय पुसले, कागद कोरडे आहेत ना बघितलं आणि न जेवता झोपली.

त्यानंतर तिचे निरोप येऊ लागले: "जेवून येते." मी मनात म्हटलं, बरं झालं, शिस्त लागली. पुढे कळलं की ती स्टेशनबाहेर वडापाव खाऊन येत होती. उशिरा येऊन पुन्हा ताट वाढून घ्यायची तिला लाज वाटत होती. मैत्रिणींनो, ही गोष्ट लिहायला मला काही आनंद होत नाही. पण आपण बायका पुष्कळदा काळजीपोटी रागावतो आणि मग समोरचं माणूस सांगायचंच बंद करतं. आपल्याला वाटतं, सगळं सुरळीत चाललंय.

कोंडी फुटली ती एका रविवारी, आणि तीही पोळ्या लाटताना. मी जरा बुटकी, पाच फूट. ओटा उंच. म्हणून लाटताना मी पायाखाली पाट घेते. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून घेते. ही दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "मावशी, हात कोपरात दुमडून सरळ उभी राहा बघू." टेप आणला. माझं कोपर जमिनीपासून ३८ इंचांवर. ओटा ३६ इंच. "ओटा कोपराच्या चार ते सहा इंच खाली हवा. म्हणजे तुझा ३२ ते ३४. तुझे खांदे का दुखतात ते कळलं का?" इतकी वर्षं मी त्या खांद्यांना तेल चोळतेय! तुम्हीही आज मोजून बघा. नवा ओटा घालणार असाल तर गवंड्याला नेहमीचं माप घेऊ देऊ नका. स्वतः उभ्या राहा, आणि घरात जिचा हात ओट्यावर जास्त फिरतो तिचं माप द्या.

बोलता बोलता म्हणाली, "मावशी, तुमच्या बोरिवलीची खटाव मिल एका बाईने आखली होती, माहीत आहे?" मला कुठलं माहीत? तिचं नाव पेरीन मिस्त्री. १९३०च्या दशकात जे. जे.मधून आर्किटेक्ट होऊन बाहेर पडलेली आपल्या देशातली पहिली बाई. वडिलांच्याच कचेरीत ती पुढे भागीदार झाली. आणि याच कचेरीत, त्या दशकाच्या अखेरीस, सिलोनहून एक मुलगी उमेदवारीला आली. मिनेट डी सिल्वा तिचं नाव, गाव कँडी. तिकडे आर्किटेक्चर शिकायची सोयच नव्हती, आणि मॅट्रिक झालेली नसल्यामुळे कॉलेजचं दार लगेच उघडेना. घरच्यांची समजूत घालून ती समुद्र ओलांडून मुंबईला आली. आई मोठी खंबीर, सिलोनच्या बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणून लढलेली. तो हक्क त्यांना १९३१ साली मिळालाही. कचेरीत मिनेटची पेरीनशी आणि तिच्या भावाशी मैत्री झाली. परक्या गावात कामाच्या ठिकाणीच एक मैत्रीण मिळाली, हे मला फार मोलाचं वाटलं. पुढे तिला जे. जे.त प्रवेश मिळाला. पण १९४२च्या चळवळीच्या काळात गांधीजींच्या सुटकेसाठी निघालेल्या मोर्चात ती गेली आणि कॉलेजातून तिला काढून टाकलं. माफी लिहून दे म्हणाले, तिने दिली नाही. १९४८ साली लंडनच्या आर्किटेक्टांच्या रॉयल संस्थेची सभासद झालेली ती पहिली आशियाई स्त्री. मग कँडीला परतली आणि आईवडिलांच्या घरातूनच तिने व्यवसाय चालवला.

हे सगळं माझी भाची पीठ मळता मळता सांगत होती. आणि एकदम थांबून म्हणाली, "मावशी, मला दोन महिने पैसे मिळाले नाहीत."

घ्या! मुलाखतीत तोंडी आठ हजार ठरले होते. कागदावर काही नाही. पहिला महिना "पुढच्या महिन्यात एकदम देऊ" म्हणाले, दुसऱ्या महिन्यात विषयच नाही. आईला मात्र ही सांगत होती, मिळाले. का, तर "आई लगेच परत ये म्हणाली असती." रात्री उशीर होई तो दिवसभर बसवून ठेवल्यामुळे. संध्याकाळी सहाला कुणीतरी नवा बदल आणून देई, आणि सकाळपर्यंत तो प्लॅनवर चढवलेला हवा असे. एकदा तर तिला एकटीला अर्धवट पाडलेल्या इमारतीत मापं घ्यायला पाठवलं होतं, डोक्यावर हेल्मेटसुद्धा नाही. हे मात्र ऐकून माझ्या हातातलं लाटणं खाली आलं.

कचेरीतला एक मोठा मुलगा म्हणे तिला सांगत असे, बाळकृष्ण दोशींनी पॅरिसला आठ महिने फुकट काम केलं होतं, तुला काय झालं? दोशी म्हणजे १९२७ साली पुण्यात जन्मलेले, पुढे २०१८ साली प्रित्झ्कर पारितोषिक मिळवणारे मोठे आर्किटेक्ट. खरं आहे, ल कॉर्ब्युझिएच्या कचेरीत ते सुरुवातीचे आठ महिने बिनपगारी होते. पण अहो, ते त्यांना आधी सांगितलेलं होतं, आणि त्यांनी समजून उमजून होकार दिला होता. आठ हजार देतो म्हणून बोलावून न देणं आणि आधीच नाही म्हणणं, यात काही फरक आहे की नाही?

मी लगेच फोन उचलला. त्या साहेबांना चार गोष्टी सुनावणार होते. तिने माझा हात धरला. "तू फोन केलास तर मी तिथे शाळकरी पोर ठरेन. मी बोलते. मला फक्त आईला काय सांगायचं ते सांग." माझ्या मैत्रिणींनो, त्या क्षणी गप्प बसणं मला फार जड गेलं. ह्यांच्याकडे बघितलं, तर हे म्हणाले, "तिची नोकरी आहे, तुझी नाही." ह्यांचं एखादं वाक्य असं वर्षातून एकदा बरोबर निघतं.

आम्ही तिघांनी बसून एक कागद केला. कामाची वेळ कोणती, पैसे किती आणि कोणत्या तारखेला, साइटवर कुणाबरोबर जायचं. तुमच्या घरातलं कुणी असं लांब निघालं असेल तर हा कागद निघण्याआधीच, त्यांच्या ई-मेलवरून मागून घ्या. आम्ही तो दोन महिने उशिरा केला. ज्यांच्या हाताखाली काम करायचं ते नोंदलेले आर्किटेक्ट आहेत ना, हेही विचारावं. १९७२च्या कायद्याने नोंदणीशिवाय आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही, आणि प्रत्येकाला कौन्सिलचा क्रमांक असतो. तो विचारण्यात उद्धटपणा मुळीच नाही. बायकांच्या रात्रीच्या वेळेचं म्हणाल तर महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊनंतर बाईच्या संमतीशिवाय काम नको आणि ठेवलंच तर सुरक्षिततेची नि घरी पोचवायची सोय हवी, असं लिहिलेलं होतं. कायदा लहान कचेरीला लागू होवो न होवो, वेळ विचारायला कुणाची ना नाही.

आणखी एक, जे आया लेकींशी बोलत नाहीत. कामाच्या जागी कुणी अंगलट आलं, नको ते बोललं, तर २०१३चा कायदा उमेदवारालाही लागू आहे, पगार मिळो वा न मिळो. दहा किंवा अधिक माणसं असतील तिथे तक्रार समिती असायलाच हवी. त्याहून लहान कचेरी असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. तक्रार तीन महिन्यांत लेखी द्यावी लागते. आमच्याकडे तसा प्रसंग आला नाही. पण मी तिला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "हे आई कधीच बोलली नसती." तिच्या आईचं मी काय सांगू, मी तरी माझ्या मुलीशी बोलले असते की नाही कोण जाणे.

कराडला फोन मीच केला. पैशाचं खरं काय ते सांगितलं. बहीण आधी रडली, मग चिडली, मग म्हणाली, "तुला योग्य वाटेल ते कर." मी म्हटलं, माझं नाही, तिचं तिला करू दे.

सोमवारी ती कचेरीतल्या एका वयाने मोठ्या आर्किटेक्ट बाईंशी बोलली. त्यांनी साहेबांपर्यंत नेलं. सगळं काही गोड झालं असं नाही. पहिल्या महिन्याचे पैसे आठवड्यात आले. दुसऱ्या महिन्याचे निम्मेच मिळाले, तेही अगदी शेवटी. वेळ साडेसातची ठरली, सबमिशनचे दिवस सोडून. साइटवर मात्र त्यानंतर एकटीला पाठवलं नाही. ती सत्र पुरं करून गेली.

मी माझ्याकडून दोन गोष्टी बदलल्या. तिचं ताट झाकून ठेवायचं, कितीही वाजोत, आणि आल्या आल्या वाजले किती हे विचारायचं नाही. आधी जेवण. दहा मिनिटांत ती आपणच सांगायला लागे. कराडचा रोजचा फोनही बंद केला. त्याऐवजी ती गाडीत बसली की आईला दोन शब्द कळवी. बायकांच्या डब्यात तिला एक गटही मिळाला, एक वहिनी तिच्यासाठी चौथी सीट धरून ठेवत.

शेवटच्या महिन्यात तिच्याकडे मुलुंडच्या एका जुन्या सोसायटीच्या पुनर्विकासाचे प्लॅन आले. स्वयंपाकघरं आखायची होती. तिने ती माझ्यासमोर पसरली. मी नको तिथे बोट ठेवलं: फ्रिजचं दार उघडलं की ओट्याशी उभ्या बाईला धक्का. ओला कचरा नि सुका कचरा, दोन डबे कुठे? केरसुणी कुठे? कुकरच्या वाफेला वाट? ती भराभरा लिहून घेत होती. दुसऱ्या दिवशी कचेरीत मांडलं. फ्रिजची जागा बदलली. केरसुणीला नऊ इंचांचा कोनाडा मिळाला. ओट्याची उंची मात्र बदलायला साहेब तयार झाले नाहीत, सगळ्या घरांना एकच माप म्हणे.

ऑक्टोबरअखेर बहीण तिला न्यायला आली. स्वयंपाकघरात पोळ्या करायला उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, हा पाट कशाला गं इथे?" ती माझ्याहून चार बोटं उंच आहे, तिला लागत नाही. भाची हसायला लागली. आमचा ओटा अजून ३६ इंचांचाच आहे. दिवाळीनंतर तोडायचा म्हणतोय.