खर्च शून्य, म्हणजे तब्येत ठणठणीत?

‘हेल्थ इकॉनॉमिक्स? म्हणजे डॉक्टर की सीए?’ युनिव्हर्सिटीतल्या रिसर्चरला हा प्रश्न हमखास! बॉस, दोन्ही नाही. आजारपणाचा पैसा येतो कुठून, हे शोधायचं. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत अॅडमिट झालेल्यांचा ३६५ दिवसांतला खर्च विचारला, ओपीडीचा फक्त १५ दिवसांतला. छोटी बिलं कोण लक्षात ठेवतं? मग पुढचा सवाल : पैसे बचतीतले, उसने, की काही विकून आणलेले?

देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातला वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, २०२१-२२ मध्ये ३९.४. ग्राफ एकदम झकास! पण ज्यानं पैशांअभावी दवाखानाच टाळला, त्याचा खर्च शून्य. तोही ग्राफ खालीच ओढतो. आकडा सुधारला, की माणूस घरीच कण्हत राहिला? एक्सेल हे आपणहून सांगत नाही. त्यासाठीच तर हा जॉब!