निमंत्रण कोणाला?

साहित्य संमेलनाच्या परिसंवादात वक्ते कोण असावेत, यावर आपण वर्षानुवर्षे हिरिरीने वाद घालतो. इंटरनेट तंत्रज्ञानाच्या प्रादेशिक परिषदेत वक्ते कोण असावेत, हा प्रश्न मात्र आपला नव्हेच, असे आपण मराठीचे अध्यापक गृहीत धरतो. हे गृहीतक तपासायला हवे.

आशिया-पॅसिफिक विभागाची ‘ॲप्रिकॉट’ ही परिषद १९९६ पासून भरते; २०१२ साली ती नवी दिल्लीत भरली होती. अशा परिषदांमध्ये वक्त्यांना जाहीर आवाहन केले जाते आणि आलेल्या प्रस्तावांतून समिती निवड करते. विषय बहुधा नेटवर्कची उभारणी, सुरक्षा, आयपी पत्ते असे असतात. तेथे अधिकार अभियंत्यांचाच, याविषयी दुमत नाही. परंतु इंटरनेटवरचा पत्ता देवनागरीत लिहिला जाऊ लागला की त्या अधिकाराला मर्यादा पडते.

गोंदिया जिल्ह्यातील दवनीवाड्याचे उदाहरण घेऊ. हा झाडीबोलीचा प्रदेश. या बोलीत ‘ण’ नाही. पाणी येथे ‘पानी’ होते. गावाच्या नावातील ‘न’चा कोणी प्रमाणभाषेच्या सवयीने ‘ण’ केला, तरी माणसाला गाव ओळखू येते. संगणकाला येत नाही. देवनागरीतील ‘.भारत’ हे डोमेन २०१४ साली सुरू झाले. त्यात दवनीवाडा आणि दवणीवाडा ही दोन स्वतंत्र नावे ठरतात व दोन निरनिराळ्या व्यक्तींच्या हाती जाऊ शकतात. उद्या ग्रामपंचायतीचे संकेतस्थळ समजून एखाद्याने भलत्याच ठिकाणी आपली माहिती भरली, तर तो दोष केवळ त्याच्या अज्ञानाचा म्हणता येईल का?

हा धोका नेमका कोठे आहे, हे बोलीचा अभ्यासक सांगू शकतो. डोमेन नावांसाठी देवनागरीसह नऊ लिप्यांचे नियम सुचवणाऱ्या नव-ब्राह्मी गटात भाषातज्ज्ञ होतेच. म्हणजे वाट अगदीच अनोळखी नाही. उशिराची किंमतही आपण मोजली आहे : मराठीचा ‘ॲ’ युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून आला तो २००८ साली.

म्हणून आयोजकांकडे एक मागणी आहे. वक्त्यांसाठीचे आवाहन मराठी विभागांपर्यंत आणि बोलींच्या अभ्यासकांपर्यंत पोहोचवावे, आणि दुभाष्याच्या साहाय्याने मराठीतून बोलण्याची मुभा द्यावी. केवळ इंग्रजीच्या धाकाने एखादा जाणकार गप्प राहिला, तर नुकसान परिषदेचेच आहे.

मात्र मोठी अपेक्षा आपल्याकडून आहे. निमंत्रण आले नाही ही तक्रार करण्याआधी आपण प्रस्ताव पाठवला होता का, हे स्वतःला विचारावे. बोलीभाषांवरील आपले शोधनिबंध पदवीपुरते लिहिले जातात आणि ग्रंथालयाच्या कपाटात विसावतात. त्यांपैकी एखाद्यातील ‘न’ आणि ‘ण’ यांचे चार पानी टिपणही त्या व्यासपीठावर उपयोगी पडेल. ते टिपण अभियंता लिहिणार नाही. ते आपणच लिहायला हवे.