फिल्मची आवड आणि फिल्मची पारख

छायाचित्रकाराला त्याची आवडती फिल्म कोणती असे विचारले, तर हल्ली दोन पक्षांची दोन उत्तरे कानी पडतात. पहिला पक्ष म्हणतो, प्रत्येकाच्या खिशात मोबाईल असता फिल्मचे नाव काढणे म्हणजे घरात वीज असून समईच्या उजेडात वाचत बसणे होय. आणि कोणाला हौसच असेल, तर हव्या त्या जुन्या फिल्मचा रंग मोबाईलवर बोट टेकताच चढवता येतो. दुसरा पक्ष फिल्मच्या पुनरागमनाने हर्षभरित झालेला आहे. चित्रात ग्रेन दिसला की त्याला कला दिसते, आणि रंग विटलेला दिसला की त्याचा कंठ दाटून येतो. हे दोन्ही पक्ष एकमेकांवर तुटून पडतात खरे, परंतु एका गोष्टीविषयी त्यांचे संपूर्ण ऐकमत्य आहे. फिल्म म्हणजे चित्राला घालावयाचा एक दागिना, असे दोघेही गृहीत धरून चालतात. आमचा वाद या गृहीताशीच आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. फिल्म म्हणजे पारदर्शक पट्टीवर जिलेटिनात मिसळून पसरलेला चांदीच्या क्षारांचा थर. हे क्षार स्वभावतः निळा प्रकाश तेवढा ओळखतात. त्यांत विशिष्ट रंगद्रव्ये मिसळली म्हणजे ते हिरवा ओळखू लागतात, आणि आणखी निराळी मिसळली म्हणजे तांबडाही. हिरव्यापाशी थांबलेली फिल्म ती ऑर्थोक्रोमॅटिक आणि तांबड्यापर्यंत पोहोचलेली ती पँक्रोमॅटिक. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' झळकला, त्या काळच्या सर्वसाधारण फिल्मला तांबडा रंग जवळजवळ दिसतच नसे. याचा अर्थ काय होतो, हे आपल्या घरातील जुने फोटो काढून पाहावे. पणजीच्या कपाळावरील कुंकू काळे ठिक्कर असते, लुगड्याचे तांबडे काठ शाईत बुडवल्यासारखे असतात, आकाश कोरे असते आणि गव्हाळ वर्णाची माणसे प्रत्यक्षाहून पुष्कळ सावळी उमटलेली असतात. कारण आपल्या त्वचेचा वर्ण तांबूस छटेवर उभा आहे आणि ती छटाच त्या फिल्मला अदृश्य होती. मग स्टुडिओतला कारागीर निगेटिव्हवर शिसपेन्सिल फिरवून चेहरा उजळीत असे. स्थळाला पाठविलेल्या ज्या फोटोवरून मुलगी 'काळी आहे' असा शेरा मारला जाई, त्यात मुलीचा वर्ण किती आणि फिल्मचा आंधळेपणा किती, हा हिशेब कोणी मांडला नाही.

तात्पर्य, फिल्म हा निर्विकार आरसा कधीच नव्हता. तिला काही दिसते, काही दिसत नाही. काही गोष्टी ती वाढवून सांगते, काही दडपते. हा तिचा पक्षपात ओळखून, प्रसंग पाहून तिची निवड करणे याला आम्ही पारख म्हणतो. आमच्या भागातला शेतकरी कोरडवाहू काळ्या जमिनीत रब्बीला मालदांडी ज्वारी पेरतो, त्याला कोणी 'आवडते बियाणे' म्हणून हसत नाही. जमीन, ओल आणि हंगाम यांचा तो निर्णय असतो, आणि तो पेरणीपूर्वी करावा लागतो; कणीस आल्यावर करता येत नाही.

पूर्णेच्या परिसरातले उदाहरण घेऊ. वैशाखातील दुपार, नांगरलेली काळी जमीन, तीत पांढरे धोतर नेसलेला उन्हाने रापलेला माणूस. इतका टोकाचा काळा आणि इतका टोकाचा पांढरा एका चौकटीत धरणे हीच परीक्षा. फुजीची वेल्व्हिया ही १९९० साली निघालेली पारदर्शिका-फिल्म हिरवा व तांबडा रंग असा भरून देते की निसर्गचित्रकारांनी तिच्यावर जीव टाकला. पण तिची वेगसंख्या अवघी ५०, आणि उजेड-सावलीतील अंतर सोसण्याची शक्ती थोडी. आपल्या शेतकऱ्याचे धोतर सांभाळावे तर चेहरा अंधारात जातो, चेहरा सांभाळावा तर धोतर विरून जाते. तेथे कोडॅकची ट्राय-एक्स किंवा इलफर्डची एचपी-फाइव्ह प्लस या ४०० वेगाच्या कृष्णधवल निगेटिव्ह फिल्मा कामास येतात. त्यांचा ग्रेन जाडसर खरा, परंतु प्रकाशाच्या अंदाजात थोडी चूक झाली तरी त्या ती पोटात घालतात. ट्राय-एक्स ३५ मिलिमीटरच्या रूपात १९५४ साली आली आणि वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांनी ती उचलली, ती याच सहनशीलतेमुळे. उलट मंदिराच्या शिल्पाचा बारकावा हवा असेल आणि कॅमेरा तिवईवर ठेवता येत असेल, तर १२५ वेगाची, सूक्ष्म ग्रेनची एफपी-फोर अधिक योग्य. सर्वोत्तम फिल्म कोणती, या प्रश्नाला अर्थ नाही. कशासाठी, असे विचारले तरच उत्तर देता येते.

आवड ही पारखेच्या पोटी जन्मली म्हणजे तिला केवढी उंची येते, याचे उदाहरण रघुबीर सिंग (१९४२–१९९९) यांचे आहे. ज्या काळात गंभीर छायाचित्र म्हणजे कृष्णधवलच अशी प्रतिष्ठितांची समजूत होती, त्या काळात ते कोडॅक्रोम वापरीत राहिले. भारतीय दृष्टीला रंग हा उपरा नसून स्वाभाविक आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९३५ साली निघालेल्या कोडॅक्रोमचे उत्पादन २००९ साली थांबले आणि पुढल्या वर्षाअखेर तिची धुलाईही बंद झाली. रघुबीर सिंगांनी मुंबईच्या रस्त्यावरचा रंग जसा पाहिला तसा तो आज त्यांच्या चित्रांत टिकून आहे. कारण त्यांनी फिल्म निवडली ती एका मतासाठी निवडली.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. रंगीत फिल्मचा पक्षपात केवळ रसायनाचा नव्हता, माणसांचाही होता. छपाईचे रंग जुळवण्यासाठी कोडॅक प्रयोगशाळांना नमुन्याची कार्डे पाठवी. त्यांवर गोऱ्या स्त्रीचे चित्र असे आणि धंद्यात त्यांना 'शर्ली कार्ड' म्हणत. तिचा वर्ण बरोबर उमटला म्हणजे सर्व जगाचा बरोबर, असा तो हिशेब. लॉर्ना रॉथ या कॅनडातील संशोधिकेने हा इतिहास खोदून काढला आहे. तीत एक गोष्ट अशी आढळते की, तपकिरी छटा नीट उमटत नाहीत ही तक्रार कंपनीच्या कानी प्रभावीपणे घातली ती लाकडी सामान आणि चॉकलेट यांची जाहिरात करणाऱ्यांनी. कोट्यवधी माणसांच्या वर्णाने जे साधले नाही, ते चॉकलेटाने साधले!

यावर पहिला पक्ष म्हणेल, 'म्हणूनच फिल्म गेली ते बरे झाले.' पण पक्षपात गेला काय? २०२१ साली गूगलने सावळ्या व काळ्या वर्णांचे यथार्थ चित्रण व्हावे म्हणून आपल्या फोनच्या कॅमेऱ्यात मुद्दाम सुधारणा केल्याचे जाहीर केले. सुधारणा करावी लागली, यातच कबुली आली. आमच्या तालुक्यातील कोणताही लग्नाचा अल्बम उघडावा. ज्वारीच्या पिठाने माखल्यासारखी एकसारखी गोरी वधू-वरे पानोपानी दिसतील. अनेक मोबाईल तर न सांगताच चेहरा उजळ व तुळतुळीत करतात. फिल्मच्या डबीवर तिचे नाव आणि वेगसंख्या छापलेली असे. चांगला छायाचित्रकार तिचे गुणदोष चार रोळ खर्चून शिकत असे आणि एकदा शिकला की ते बदलत नसत. मोबाईलच्या पोटात कोणाची आवड बसवली आहे, हे डबीवर लिहिलेले नाही, आणि ती उद्या बदलली तरी आपणांस कळावयाचे नाही.

दुसऱ्या पक्षालाही दोन शब्द. फिल्म महाग आहे. ३६ चित्रांच्या एका रोळाला, त्याच्या धुलाईला आणि स्कॅनिंगला जो खर्च येतो तो सामान्य घराला झेपणारा नाही. भारत सरकारने १९६० साली उटकमंडला हिंदुस्थान फोटो फिल्म्स स्थापन करून 'इंदू' नावाने फिल्म आणि कागद काढले. तो कारखानाही आता बंद पडला आहे. अशा स्थितीत एवढा खर्च करून केवळ विटका रंग आणि धूसरपणा मिरवायचा असेल, तर तो पैसा वाया गेला. पैसा खर्चायचाच तर एकच फिल्म घ्यावी, वर्षभर तीच वापरावी, आणि आपल्या उन्हात, आपल्या माणसांच्या वर्णावर ती कोठे खरे बोलते व कोठे खोटे, याची वही ठेवावी.

ज्यांना फिल्म परवडत नाही त्यांनीही तिच्यापासून एवढे शिकावे की, साधनाला मत असते. मोबाईलमधील चेहरा उजळण्याची सोय शोधून बंद करावी. लग्नाच्या छायाचित्रकाराला आगाऊ सांगावे की, मुलीचा वर्ण आहे तसा राहू द्या. पणजीच्या काळी फिल्मला तांबडा रंग दिसत नव्हता, हा फिल्मचा नाइलाज होता. आजच्या साधनांना सर्व रंग दिसतात. तरीही आपल्या घरच्या अल्बमातून आपलाच वर्ण नाहीसा होत असेल, तर त्याचा दोष आता रसायनाच्या माथी मारता येणार नाही.