पायवाटेची शिस्त

मनुष्याने केलेल्या मार्गांत पायवाट हा सर्वांत साधा मार्ग. तिला डांबर लागत नाही की दिव्यांचे खांब लागत नाहीत. त्यामुळे पायवाट आपोआप पडते व आपोआपच टिकते, अशी अनेकांची समजूत असते. ही समजूत बरोबर नाही. पायवाट जितकी साधी, तितकीच ती नाजूक असते. आणि तिचे रक्षण तिच्यावरून चालणाऱ्यांच्याच हाती असते.

अमेरिकेच्या पश्चिम भागातील ‘पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल’ ही प्रसिद्ध पायवाट या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. मेक्सिकोच्या सीमेलगत कॅम्पो नावाच्या गावाजवळ तिचा आरंभ होतो आणि कॅनडाच्या सीमेवर ती पोहोचते. तिची लांबी सुमारे ४,२६५ किलोमीटर, म्हणजे भारताच्या दक्षिणोत्तर लांबीहूनही अधिक आहे. दक्षिणेकडील सुमारे १,१०० किलोमीटर ती बहुतांशी रुक्ष डोंगरांतून व मोहावी वाळवंटाच्या कडेने जाते. तेथे कधी कधी ३० किलोमीटर चालावे, तेव्हा पुढचे पाणी मिळते. एक लिटर पाण्याचे वजन एक किलोग्रॅम. तेव्हा पाच-सहा लिटर पाणी पाठीवर घेऊन उन्हात चालणे म्हणजे काय, हे सहज ध्यानात येईल. पुढे सिएरा नेवाडा पर्वतात हीच वाट फॉरेस्टर खिंडीत ४,००९ मीटर उंची गाठते. वाळवंटात तहानेने व्याकूळ झालेला पांथस्थ येथे बर्फ तुडवीत असतो.

ही वाट एका दिवसात झाली नाही. १९३० नंतरच्या दशकात क्लिंटन क्लार्क या गृहस्थांनी तिची कल्पना लोकांपुढे मांडली. १९३५ ते १९३८ या काळात तरुणांच्या तुकड्यांनी पाळीपाळीने चालून मार्गाची पाहणी केली. १९६८ साली कायद्याने तिला राष्ट्रीय पायवाटेचा दर्जा मिळाला आणि १९९३ साली ती पूर्ण झाल्याचे घोषित झाले. आजही दरवर्षी अनेक स्वयंसेवक फावडी घेऊन डोंगरात जातात, वाहून गेलेली माती पुन्हा भरतात आणि वाटेवर उन्मळून पडलेले वृक्ष कापून दूर करतात. संरक्षित अरण्यात यंत्रे वापरण्यास मनाई असल्याने ते दोघांनी ओढावयाच्या करवतीने काम करतात.

इतक्या श्रमांनी राखलेली ही वाट मोडण्यास मात्र फारसे श्रम लागत नाहीत. तीव्र चढणीवर वाट नागमोडी वळणे घेत जाते. दमलेला पांथस्थ उतरताना विचार करतो, ‘इतके फिरून कशाला जावे?’ आणि तो एका वळणावरून खालच्या वळणावर सरळ उतरतो. त्याची पाच मिनिटे वाचतात. पण त्याची पावले पाहून दुसरा उतरतो, मग तिसरा. गवत मरते, माती सुटते, आणि पावसाचे पाणी त्याच सरळ घळीतून वेगाने धावू लागते. शेवटी खालची मूळ वाटही खचून जाते.

वाळवंटात तर याहून अधिक जपावे लागते. तेथील उघडी जमीन वरवर निर्जीव भासते. परंतु अनेक ठिकाणी तिच्यावर सूक्ष्म जीव, शेवाळ व दगडफूल यांचा एक पातळ थर असतो. हा थर मातीचे कण बांधून ठेवतो व वाऱ्याने ती उडू देत नाही. त्यावर बूट पडला की तो चुरडतो, आणि पूर्ववत होण्यास त्याला अनेक वर्षे, कित्येकदा दशके लागतात. फळांच्या सालींचेही तसेच. ओलावा नसल्यामुळे त्या लवकर कुजत नाहीत. महिनोन् महिने तशाच पडून राहतात.

यावर कोणी म्हणेल, ‘अरण्य ही मोकळेपणाची जागा. तेथेही नियम आणि परवाने असतील, तर शहर सोडून जायचे कशाला?’ हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. मेक्सिकोच्या सीमेकडून उत्तरेकडे दीर्घ प्रवासास निघणाऱ्या पांथस्थांपैकी दिवसाला ५० जणांनाच परवाना देण्याची पद्धत ठेवण्यात आली. त्यामुळे मनाजोगता दिवस न मिळून काहींची निराशा होते, हे खरेच. परंतु एका माणसाच्या पावलाने जे बिघडत नाही, ते हजारोंच्या पावलांनी बिघडते. आणि प्रत्येक जण तर स्वतःस एकटाच समजत असतो. आजच्या पांथस्थाने मनास येईल तिकडे पाऊल टाकले, तर उद्याच्या पांथस्थास धूप झालेली टेकडी व कचऱ्याने भरलेला झरा मिळेल. एकाच्या स्वातंत्र्याची किंमत दुसऱ्याने मोजावी, हा न्याय नव्हे.

म्हणून पायवाटेने चालणाऱ्याचे शौर्य केवळ त्याने ओलांडलेल्या खिंडींवरून मोजू नये. कोणी पाहत नसतानाही त्याने लांबचे वळण घेतले काय, आपला कचरा आपल्या पाठीवर परत आणला काय, हेही पाहावे. शिखर चढण्यास बळकट पाय पुरेसे असतात. पण वाट पुढच्यासाठी राखून ठेवण्यास संयम लागतो. तो ज्याच्या अंगी आहे, तोच पायवाटेचा खरा प्रवासी होय.