अणशी घाटात मॅरेथॉन नको
अणशीहून कद्र्याकडे उतरणारा घाटरस्ता हा माझा धावण्याचा सर्वांत आवडता मार्ग. उतारावर मांड्या भरून येतात, परतीच्या चढावर छाती भरते. शेकरूची हाक आणि धनेशाच्या पंखांचा आवाज सोबतीला असतो. पण हे जंगल वाघाचे आहे. अणशी राष्ट्रीय उद्यान १९८७ साली झाले, व्याघ्र प्रकल्प २००७ साली. म्हणून मी ऊन वर आल्यावरच निघते, एकटी धावत नाही, कानात इअरफोन घालत नाही. इथे मॅरेथॉन भरवायला माझा ठाम विरोध आहे. लाउडस्पीकर, गाड्यांचा ताफा, प्लॅस्टिकच्या बाटल्या या जंगलाला पेलवणार नाहीत. स्पर्धा कारवार शहरात घ्या. अणशीत दोघाचौघांनीच धावावे, तेही जनावरांचा हक्क आधी मानून.